शालिक पैलवानाची पाच नावं

शालिकला खुर्चीवर नीट बसलेलं मी कधी पाहिलं नाही. आमच्या क्रीडा संकुलात तो रोजंदारीवर लागला त्याच आठवड्यात त्याने कार्यालयातल्या दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या मोडल्या. मोडल्या म्हणजे नुसता बसला. तिसरी पुढे केली तर हात जोडून म्हणाला, "नको जी बाई. खुर्च्यायचं माह्यासंगं जमत नाई."

त्यानंतर तो दाराच्या पायरीवर बसे. तिथेही गुडघा हलत असे, बोटं मोडणं चालू असे, मधूनच मानेला एक झटका. पाच मिनिटांत उठून मॅटकडे जाई, ती उलगडे, पुसे, पुन्हा गुंडाळून ठेवी. मॅट दिवसातून एकदा पुसायची, अशी सूचना मी स्वतः लिहून भिंतीला लावली होती. तो चार वेळा पुसायचा.

"शालिक, घासून घासून तिचा रंग जाईल."

"मंग का करू बाई? आंग थांबत नाई."

मी त्या कार्यालयात लिपिक. साहित्य, खेळाडूंच्या याद्या, प्रमाणपत्रांचे क्रमांक, सगळं माझ्याकडे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण यातली बरीच माणसं अजून नोकरीत आहेत आणि मीही आहे. चंद्रपूरहून गडचिरोलीला जाणाऱ्या बसमध्ये बसलात तर आमच्या संकुलाचं पत्र्याचं छप्पर खिडकीतून दिसतं, एवढं पुरे.

शालिक वैनगंगेकाठचा, सावलीकडचा. घरी थोडी धानाची शेती, म्हातारी माय, बायको अंगणवाडीत मदतनीस. बदाम, तूप, थंडाई या पैलवानी गोष्टी त्याने बोलण्यातच खाल्ल्या. प्रत्यक्षात भाताची पेज, लाखोळीची डाळ आणि जवसाची चटणी. एवढ्यावर त्याने ती मान कशी कमावली, हे मला कधी कळलं नाही. कुस्तीत रगडून दोन्ही कान फुटून मुडपलेले. भजं तेलात आक्रसावं तसे.

त्याची एक सवय लोकांना नकोशी होती. तो कोणालाही पाहिलं की वजन सांगायचा. नमस्काराच्या जागी वजन. मी टायफॉइडमधून उठून कामावर आले तर दारातच म्हणाला, "बाई, साडेतीन किलो उतरल्या तुमी." दवाखान्याच्या काट्यावर तेवढंच भरलं होतं. बाजारात तो सोबत असला की भाजीवाल्या बायका अस्वस्थ होत. पिशवी एका बोटावर घेऊन तो सहज म्हणे, "दोन किलो म्हणता ना मावशी? पावणेदोन हाये." एक मावशी त्याला लांबूनच सांगायची, "पैलवान, तू पुढं जाय बाप्पा. तुह्या बाईले मी बराबर देतो."

स्वतःबद्दल तो फार बोलत नसे. एकदाच, मॅटला टाके घालताना, आज्याची गोष्ट सांगितली. आज्याला कुस्तीचं वेड होतं, पण गावच्या आखाड्यात त्यांच्या जातीच्या लोकांना घेत नसत.

"कुस्तीत पयले हात धरा लागते ना बाई. आज्याचा हात कोणी धरेच नाई. मंग तो नदीच्या रेतीत एकटाच जोर मारे."

"आणि आता?"

"आता सारे धरते. हारले का मंग आडनाव इचारते," म्हणून तो मोठ्याने हसला आणि सुई बोटात टोचून घेतली.

आता नावांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. रात्री नाटक, दुपारी दंगल. दंगलीत पैलवान मैदानात फिरतो, आपल्या अंगलटीचा गडी शोधतो आणि त्याच्यापुढे हात करतो. समोरच्याने हात दिला की जोड लागली. पण ज्याचं नाव झालं, त्याला कोणी हात देत नाही. चांगल्या पैलवानाची उपासमार अशी चांगुलपणामुळेच होते. त्यावर या लोकांचा उपाय ठरलेला आहे. लांबच्या गावी जायचं आणि दुसरं नाव सांगायचं. शालिकची पाच नावं होती. आरमोरीकडे तो बिजली, सिरोंच्याकडे राजन्ना, घुग्घुसला छोटा बादल, ब्रह्मपुरीकडे दिलीप. पाचवं शालिक.

"ते पाचवं फक्त माह्या गावात चालते," तो सांगायचा, "आन् तिथं मले कोणी जोड देत नाई."

एका वर्षी मी नणंदेच्या गावी मंडईला गेले होते. शालिकने त्या दिवशी मायची तब्येत बिघडली म्हणून रजा टाकलेली. दुपारी दंगलीच्या कडेला बायकांत उभी होते, तेवढ्यात माईकवरचा माणूस ओरडला, "हिंगणघाटचा वाघ, बिजली पैलवान!" मान उंच करून पाहिलं तर हिंगणघाटचा वाघ आमची मॅट पुसणारा. त्याने डोळे खाली घातले होते आणि नवशिक्यासारखा बावळट चालत होता. गावचा एक उंचापुरा पोरगा फसला, त्याने हात दिला. शालिकने शड्डू ठोकला आणि पोराचा श्वास पूर्ण व्हायच्या आत त्याला पाठीवर टाकलं.

तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "अबे, हा तं शालिक होय! सावलीकडचा! कान पाहा त्याचे!"

पुढच्या क्षणी सगळं गाव मैदानात. मी माझ्या स्कूटीकडे निघाले, कारण अशा वेळी बाईमाणसाने गाडीपाशी असावं. मी किल्ली फिरवली आणि गाडी मागून एकदम खाली बसली. वळून पाहिलं तर लंगोटावर सदरा घेतलेला शालिक.

"बाई, चालवा!"

"उतर आधी!"

"चालवा जी, गोटे येऊन राह्यले!"

खरंच येत होते. मी चालवली. गावाबाहेर मोहाच्या झाडांपर्यंत ती गाडी माझ्या हातात नांगरासारखी जड होती. तिथे तो उतरला, झाडामागे जाऊन पँट चढवली आणि शांतपणे म्हणाला, "माही रजा कॅन्सल करा बाई. मायची तब्येत बरी हाये."

मला हसू आवरेना, पण रागही आला होता. मी म्हटलं, "लोकांना फसवतोस तू. त्या पोराला तुझं खरं नाव माहीत असतं तर त्याने हात दिला असता का?"

तो गोंधळला. त्याला प्रश्नच कळला नव्हता. "नाव खोटं होतं बाई. कुस्ती तं खरी होती ना?"

हा त्याचा धर्म होता. नाव कोणतंही सांग, पण पडायचं असेल तर हरूनच पड. दंगलींमध्ये ठरवलेल्या कुस्त्या सर्रास चालतात. गावच्या पुढाऱ्याचा पुतण्या जिंकला पाहिजे, म्हणून पाहुण्या पैलवानाला चहा पाजून सांगतात की आज जरा पडून दे. शालिक चहा पिऊन यायचा आणि पुतण्याला पाडायचा. त्यामुळे त्याला पुन्हा त्या गावी बोलावत नसत. मग तिथे नवीन नाव लागे.

आमच्या मॅटवर तयार झालेल्या पोरांची एक यादी माझ्याकडे आहे. कोणी मागितली नव्हती. सवयीने केली. एकजण लवकर अंग भरावं म्हणून इंजेक्शनं घेत होता, आता डायलिसिसवर आहे. दोघे नागपूरला बारच्या दारात उभे असतात. एक चोरट्या रेतीच्या ट्रॅक्टरपुढे पहारा देत चालायचा, तहसीलच्या माणसाला ढकलण्यावरून आत गेला. एकाने प्रशिक्षकाच्याच मेहुणीला पळवलं, ते जरा बरं निघालं, संसार चालू आहे. एकाने एका पक्षाचं काम धरलं आणि दुसऱ्या पक्षाच्या माणसाचा दात पाडला. कुस्ती सुटली की त्या शरीराचं करायचं काय, हे कोणी शिकवत नाही. मग ते शरीर जो मागेल त्याला भाड्याने जातं.

शालिकलाही मागणी आली. घुग्घुसकडे कोळशाच्या ट्रकांचा एक मोठा ठेकेदार होता. त्याला एका वादाच्या प्लॉटवर माणसं उभी करायची होती. काम फक्त उभं राहण्याचं. शालिकला सकाळी गाडीने नेलं आणि दुपारी हाकलून दिलं.

"काय झालं रे?"

"उभं राहणं जमलं नाई बाई. अर्धा घंटा राह्यलो. मंग समोरच्या घरची बुढी हापशीवर पाणी भरून राह्यली होती. हापशी जड होती. म्या म्हटलं, आणा इकडं."

"म्हणजे ज्यांना हुसकायचं त्यांचंच पाणी भरलंस?"

"आंग थांबत नाई ना. चार घरचं भरलं."

ठेकेदाराने त्या दिवशी शिव्या दिल्या, पण माणूस हेरून ठेवला. पुढे शालिकच्या मायचं खुब्याचं हाड मोडलं. ठेकेदार स्वतःची गाडी घेऊन आला, चंद्रपूरला नेलं, डॉक्टरशी बोलला, म्हातारी महिन्याभरात काठी धरून चालायला लागली. मग तो एकदा संकुलात आला. सोबत त्याचा मुलगा नितीन. गोरा, मऊ, खाली पाहून बोलणारा पोरगा. त्या वर्षी राज्यस्तरीय कुस्ती आमच्या जिल्ह्यात होणार होती आणि जेवणाचा नि मांडवाचा सगळा भार ठेकेदाराने उचलला होता. पायरीवर बसलेल्या शालिकशेजारी उकिडवा बसून तो एवढंच म्हणाला, "तुझ्याकडे ना दाखले पूर्ण, ना नोंदणी. तुला तिथं कोण खेळू देणार? नितीनच्या नावावर खेळ. कुस्ती तर तूच करशील ना?"

शालिकला यात काही वावगं दिसलं नाही. पाच होती, सहावं झालं. शिवाय आयुष्यात पहिल्यांदा राज्याच्या मॅटवर उतरायला मिळत होतं. मंडईतलं नाव संध्याकाळी माईक बंद झाला की संपतं. मॅटवरच्या नावाचा कागद होतो, त्या कागदावर खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातली सरकारी नोकरी मिळते, हे त्याच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. माझ्या शिरलं होतं. तरी मी काय केलं, तेही सांगते.

वजनाच्या दिवशी मी खोलीबाहेर टेबल लावून बसले होते. आत पोरं लंगोटावर काट्यावर चढत, आतून काट्यावरचे सर नाव आणि वजन ओरडत, मी बाहेर लिहून घेत असे. आतून आवाज आला, "नितीन! त्र्याहत्तर आठशे! खूण, दोन्ही कान फुटलेले!" मी लिहिलं. थोड्या वेळाने पडदा बाजूला सारून शालिक बाहेर आला, सदऱ्याची बटणं लावत. माझ्याकडे पाहून ओशाळं हसला. पेन माझ्या हातात होतं. ओळ खोडायला एक क्षण लागला असता. मागे रांग होती, मांडवात ठेकेदार अधिकाऱ्यांना पान देत होता. मी पुढचं नाव विचारलं.

शालिक तिसरा आला. कांस्यपदक. व्यासपीठावर नितीन चढला, कारण तिथे फोटो निघणार होते. शालिक मॅटच्या कोपऱ्यात पाण्याची बादली घेऊन उभा होता. माईकवर नितीनचं नाव आलं तेव्हा तो एक पाऊल पुढे सरकला, मग थांबला आणि बादली उचलून चालू लागला.

दोन वर्षांनी नितीनला सरकारी नोकरी लागल्याचे पेढे आमच्या कार्यालयात आले. शालिकने पेढा हातात धरला, खाल्ला नाही.

"बाई, हे त्या कुस्तीचं होय का?"

"हो."

"मंग तो पेपर मले भेटला असता तं मी पर्मनंट झालो असतो?"

"कदाचित."

तो त्या दिवशी मॅट किती वेळा पुसत होता, मी मोजलं नाही. पण त्यानंतर त्याची चुळबुळ वाढली. मंडईला जाणं कमी झालं, वयही झालं होतं, कोणी हात देईना. मधूनच पायरीवरून विचारायचा, "ते रजिस्टर जपून हाये ना जी?" मी म्हणायची, आहे. "त्यात माहं वजन हाये ना?" आहे. "नाव?" यावर मी पुढची फाइल ओढायची.

गेल्या वर्षी तक्रार झाली. प्रतीक्षायादीतल्या एका उमेदवाराने नितीनच्या प्रमाणपत्राची पडताळणी मागितली. समितीचं पत्र आलं. मूळ नोंदी तयार ठेवा, संबंधित खेळाडूला बोलावलं आहे, मॅटवर प्रात्यक्षिक घेतलं जाईल.

आदल्या दिवशी दुपारी नितीन एकटाच मोटारसायकलवर आला. नव्वद किलोच्या पुढे गेला होता, हे मला शालिकशिवायही कळलं. तो शालिकच्या पायरीवर बसला.

"शालिकभाऊ, बाबांना अटॅक येऊन गेला. दोन पोरी आहेत मला. उद्या माझ्यासमोर कोणीतरी उभं करतील. दुसरा कोण आहे इथं? तुम्हीच असाल. एकदा पडून द्या."

शालिक उठला, बसला, पुन्हा उठला. "म्या कधी पडलो नाई जी, भाऊ."

"माहीत आहे मला. म्हणून तर विचारायची लाज वाटून राहिली."

मग शालिक म्हणाला, "तुमच्या बाबांनं माह्या मायले चालतं केलं." आणि मॅट उलगडायला गेला.

दोन तास मला आतून धपाधप आवाज येत होते. धोबीपछाड शिकवणं चालू होतं. गड्याचा हात खांद्यावर घ्यायचा, वाकायचं आणि त्याला पाठीवरून पुढे आदळायचं. "नाई जी, कंबर आत घाला. आत! असं का नाचून राह्यले?" एकदा नितीन बाहेर येऊन ओकला. शेवटी शालिक म्हणाला, "बरं, तुमी फक्त वाका. बाकी मी पाह्यतो."

मी मध्ये पडले नाही. मला शालिकची काळजी होती असं लिहिलं तर बरं दिसेल. खरं म्हणजे माझ्या हातची ती ओळ मला दिसत होती.

समितीत तिघे होते. दोन अधिकारी आणि एक निवृत्त कुस्ती प्रशिक्षक, सत्तरीचे, काठी टेकत आलेले. त्यांचेही कान फुटलेले. त्यांनी नितीनला जवळ बोलावून कान पाहिले.

"हे गुळगुळीत कसे?"

"सर, मी कानाला पट्टा लावत होतो."

"नोंदीत फुटलेले लिहिलेत."

मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं. म्हातारे म्हणाले, "ठीक आहे. एक डाव दाखवा."

शालिक मॅटवर आला. पहिल्यांदाच मी त्याला तिथे मान खाली घालून उभा पाहिला. नितीनने हात धरला, वाकला, कंबर बाहेरच राहिली. आणि शालिक हवेत गेला. पूर्ण गिरकी, पाठ सपाट, सगळ्या हॉलमध्ये आवाज घुमला. अधिकारी प्रभावित झाले. एकजण कागदावर काही लिहायलाही लागला.

"पुन्हा," म्हातारे म्हणाले.

पुन्हा तसंच. नितीन घामाने निथळत होता, शालिक पडत होता.

"पुन्हा."

तिसऱ्या वेळी म्हातारे उठले. काठी टेकत मॅटच्या कडेला आले, चपला काढल्या आणि नितीनला ओलांडून शालिकपाशी गेले. तो अजून पाठीवरच होता.

"पैलवान, तिन्ही वेळा तू याच्या पाठीवर स्वतः चढलास. तिन्ही वेळा वेगळा चढलास. इतकं सुंदर पडणारा मी जन्मात पाहिला नाही. ऊठ."

शालिक उठला.

"त्या वर्षी चौऱ्याहत्तर किलोत तिसऱ्या नंबरची कुस्ती झाली होती. मी तिथे पंच नव्हतो, आजारी होतो. ऐकलं होतं की शेवटच्या अर्ध्या मिनिटात फिरली. खरं का?"

त्यांनी हे नितीनला विचारलं होतं की शालिकला, मला अजून ठरवता आलेलं नाही. शालिकचा गुडघा हलायला लागला. त्याने माझ्याकडे पाहिलं, नितीनकडे पाहिलं, दातांत ओठ धरला. मग हात आपोआप वर आला.

"तीस नाई जी सर. वीसच सेकंद होते. चार-शून्य मागं होतो म्या. गडी पश्चिमेकडचा, डाव्या पायावर वजन ठेवे. मले ते कळूनच नाई राह्यलं आधी. मंग पाह्यलं, अरे, हा तं डावा पाय उचलतच नाई..." तो बोलत मॅटवर फिरू लागला. माझी खुर्ची ओढून नेली, तिला गडी केलं, तिचा डावा पाय धरून दाखवला. "असा पट काढला. तो वाकला. दोन. सोडला नाई, तसाच फिरवला. चार. लोकं ओरडून राह्यले, मले काई आयकू नाई ये. आन् मंग शिट्टीच्या आधी..." त्याने खुर्चीला उलटी करून मॅटवर दाबून धरलं. "सहा-चार!"

खुर्चीचा पाय तुटला. तेव्हा तो भानावर आला. तसाच गुडघ्यावर, हातात खुर्ची, तोंड पांढरं पडलेलं.

"नितीनभाऊ," तो पुटपुटला, "माफी द्या जी. निघून गेलं."

नितीन मॅटच्या कडेला खाली बसला होता. त्याने तोंड पुसलं. "बरोबर आहे सर. अशीच झाली होती. मी वरच्या पायरीवर बसून पाहिली." मग शालिककडे वळून, "खूप मस्त झाली होती."

जबाब मी लिहिला, कारण अक्षर माझं बरं. अधिकाऱ्याने शालिकला समजावून सांगितलं की तोतयेगिरीचा गुन्हा होऊ शकतो, स्पर्धांवर बंदी येईल, इथलं काम आजपासून बंद. तो प्रत्येक वाक्याला "हव जी" म्हणत होता. पण मजकुरात त्याला आपलं पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, वजन हवं होतं. आणि गुण.

"गुणांची जबाबात गरज नाही," अधिकारी म्हणाले.

"राहू द्या ना जी साहेब. सहा-चार."

म्हातारे म्हणाले, "लिहा बाई." मी लिहिलं. खाली माझाही जबाब लिहिला, की ओळखत असूनही मी दुसरं नाव नोंदवलं. सही, शिक्का. जाताना शालिकने दबक्या आवाजात जबाबाची झेरॉक्स मागितली. देणं नियमात बसत नव्हतं. दिली.

पुढचं थोडक्यात. नितीनची नोकरी गेली, तो आता वडिलांचे ट्रक पाहतो. माझी वेतनवाढ थांबली, ते योग्यच झालं. शालिकवर गुन्हा दाखल झाला आहे, तारखा पडताहेत. तो सासुरवाडीला, गडचिरोलीच्या पलीकडे गेला, असं कानावर आलं. मॅट आता आठवड्यातून एकदा पुसली जाते.

त्याला शेवटचं पाहिलं ते जबाबानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी. मी खुलासा द्यायला चंद्रपूरला निघाले होते. बसस्टँडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात तो काउंटरवर ओणवा होऊन उभा. दुकानदार पोरगा कागद वाचत होता.

"पैलवान, हा तं गुन्ह्याचा जबाब होय. याले लॅमिनेशन काऊन करता?"

"कर ना बे. पाणी लागू नये."

यंत्रातून कागद बाहेर आला. शालिकने तो दोन्ही हातांत धरला, गरम होता, फुंकर मारली. मग मी दिसले.

मी म्हटलं, "शालिक, यावर केस होणार आहे तुझ्यावर. यात काय लिहिलंय ते कळतं ना तुला?"

"सारं कळते जी बाई." त्याने बोट ठेवलं. "पण हा शिक्का सरकारी हाये ना?"

"आहे."

"आन् हे माहंच नाव ना?"

"तुझंच."

गडचिरोलीची बस लागली. तो पिशवी खांद्याला मारून चढला. आत सीटा रिकाम्या होत्या, तरी दाराशीच उभा राहिला. कंडक्टरने तिकिटासाठी हात पुढे केला तेव्हा शालिकने त्या हातात तो कागद दिला. कंडक्टर वाचायला लागला, शालिक वाकून एका ओळीवर बोट फिरवून त्याला काहीतरी दाखवत होता, आणि बस सुटली.